हलव्याची सोयरीक लेप्याशी

गेल्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी ओघात लिहून गेलो होतो, की हलवा हा पापलेटाचा सख्खा सोडाच, चुलतभाऊही नाही. त्या एका वाक्यावर जितकी पत्रं आली तितकी वर्षभरात आली नव्हती. देवमाशांवर दोन पानं खर्ची घातली तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. ताटातल्या माशाचं कूळ काढलं की मात्र लोक उठून बसतात. तेव्हा या वेळी सगळे प्रश्न माशांचेच घेतो.

प्रश्न : आमच्याकडे तीन पिढ्या हलवा म्हणजे काळं पापलेट. हॉटेलच्या कार्डावरही ‘ब्लॅक पॉम्फ्रेट’ असंच छापलेलं असतं. आकार तोच, मधला काटा तसाच, पोटाखालचे पर दोघांनाही नाहीत. मग नातं नाही हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी कबुली देतो. मीसुद्धा अनेक वर्षं तुमच्याच पक्षात होतो. कॉलेजात असताना प्रॅक्टिकलच्या वहीत मी दोघांची चित्रं शेजारीशेजारी काढून खाली ‘निकटचे नातलग’ असं लिहिलं होतं आणि सरांनी त्यावर लाल शाईनं बरोबरची खूण केली होती. चूक जुनीच आहे. ब्लॉख या जर्मन अभ्यासकानं 1795 साली हलव्याला शास्त्रीय नाव दिलं तेच ‘स्ट्रोमॅटिअस नायगर’, म्हणजे पापलेटाच्या आडनावाला पुढे ‘काळा’ जोडून. पुढे शंका आल्यावर हलव्याला वेगळं कूळ दिलं गेलं, आणि शेवटी तो त्याच्या खऱ्या घरी पोचला.

तुमचं पत्र आल्यावर मी अलिबागच्या बाजारात नेहमीच्या मावशींकडे गेलो. हलवा एक, पापलेट एक, दोन्ही न कापता द्या म्हटलं. मावशींना विचारलं, दोघांत फरक काय? त्या म्हणाल्या, “मास्तर, फरक भावाचा!” पैशाच्या अर्थानं म्हणाल्या, पण नात्याच्या अर्थानंही त्यांचं उत्तर अचूक होतं. पापलेटाचा भाव ऐकून घरी बायकोनं बजावलं, की तुकड्या नीट पडल्या पाहिजेत, ही प्रयोगशाळा नाही. त्यामुळे पुढचं सगळं वर्तमानपत्रावर, सांभाळून केलेलं आहे. तुम्हालाही करता येईल.

पहिल्यांदा शेपटाच्या देठावरून बोट फिरवा, जिथे अंग संपून शेपूट सुरू होतं तिथे. पापलेट गुळगुळीत लागतं. हलव्याला दोन्ही बाजूंना मधोमध बारीक, कडक खवल्यांची एक खरखरीत रेघ लागते, करवतीची धार झिजून गेल्यासारखी. डोळ्यांना पटकन दिसत नाही, बोटाला कळते.

मग कल्ला उचला. हलव्याचा कल्ला इतर माशांसारखा ऐसपैस उघडतो, आतला लाल रंग बघता येतो. पापलेटाचा उघडतच नाही. तिथे फक्त एक उभी फट असते, कारण कल्ल्याचं कातडं खाली गळ्याला चिकटलेलं असतं. म्हणून तर पापलेटाचा ताजेपणा आपण वेगळ्या रीतीनं पाहतो. कल्ल्यापाशी दाबायचं आणि पांढरं पाणी आलं तर घ्यायचं. माशांच्या नात्यातली एक मोठी खूण आपल्या आज्या भाव करता करता रोज हाताळत होत्या.

तिसरी खूण पोट काढताना सापडते. पापलेटाच्या कल्ल्यांमागे, घशाच्या सुरुवातीला, जाड स्नायूंची एक पिशवी असते. साफ करताना ती घाणीबरोबर जाते, कुणी बघत नाही. ती चिरून आतून बोट लावा. आत दाणेदार उंचवटे आणि त्यांवर बारीक दात लागतील. पाण्यात तरंगणारे जेलीसारखे लिबलिबीत जीव गिळले की ते इथे कुटले जातात. पापलेटाच्या आणि त्याच्या जवळच्या गोतावळ्याच्या अंगी असलेलं हे घरचं जातं आहे. हलव्याचा घसा उघडला तर तिथे असलं काहीही नाही.

आता तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा, पोटाखालचे पर. बाजारात येणाऱ्या हलव्याला ते नसतात हे खरं. पण साधारण बोटाएवढं, दहा सेंटीमीटरच्या आतलं पिल्लू पाहिलंत तर त्याला ते असतात, आणि वाढता वाढता नाहीसे होतात. म्हणजे दोघांनी ते पर आपापले सोडले आहेत. दोन शेजारी एकाच वर्षी दाढी काढून बसले म्हणून त्यांचा बाप एक ठरत नाही.

मग हलव्याचं घर कुठलं? शेपटाच्या देठावरचे ते कडक खवले ज्याच्या अंगावर ठसठशीत दिसतात, तो काट बांगडा हलव्याच्या कुळातला. आणि इथेच मला या सगळ्या प्रकरणातली खरी गंमत वाटते. काट बांगड्याला आपण बांगडा म्हणतो कारण तो दिसतो तसा. निमुळतं अंग, शेपटाजवळ वरखाली सुट्या छोट्या परांची ओळ, सगळं बांगड्यासारखं. पण तो बांगडा नाही, आणि हे कोळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी पुढे ‘काट’ लावला. खरा बांगडा कुणाच्या बाजूचा? पापलेटाच्या! मासाकी मिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली जनुकांची तुलना करून दाखवलं, की बांगडा, सुरमई आणि कुपा (ट्यूना) यांचं कूळ आणखी 14 कुळांबरोबर एका मोठ्या घराण्यात बसतं. त्या घराण्यात पापलेट आहे आणि पट्ट्यासारखी लांबलचक वाकटीसुद्धा आहे.

म्हणजे बाजाराच्या एकाच फळीवर दोन घराणी मांडलेली असतात आणि दोन्ही घराण्यांनी तेच दोन वेष घातलेले असतात. एका घरात पापलेट ताटलीच्या आकाराचं आणि बांगडा चातीच्या आकाराचा. दुसऱ्या घरात हलवा ताटलीच्या आकाराचा आणि काट बांगडा चातीच्या. आपण नाती वेषावरून लावली, म्हणून सगळी उलटी लागली. हलव्याच्या लांबच्या सोयऱ्यांची यादी तर त्याहून विचित्र आहे. त्यात रावस आहे, तलवारमासा आहे आणि जमिनीला चिकटून पडून राहणारा, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला लेपाही आहे. हलवा पाण्याच्या वरच्या थरात कधीकधी कुशीवर कलून पोहताना दिसतो. पण त्या कलण्याचा लेप्याच्या आडवं पडण्याशी संबंध जोडू नका, तो मोह मला एकदा झाला होता.

या वेषांतराला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. अनेक वाचकांनी विचारलंय, की मग कुणी कुणाची नक्कल केली? कुणीच नाही. हलव्याचे आणि पापलेटाचे पूर्वज वेगळे झाले तेव्हा जमिनीवर डायनोसॉर फिरत होते. पुढे दोन्ही घरांतले काही मासे उघड्या पाण्यात, झुंडीनं, तरंगते बारीक जीव टिपत राहू लागले. तिथे उंच, चपटं अंग कामाला येतं. पटकन वळता येतं, आणि मागून येणाऱ्याच्या तोंडात सहज मावत नाही. ज्या पिल्लांचं अंग थोडं अधिक चपटं ती अधिक वाचली, त्यांची पिल्लंही तशीच. दोन्हीकडे हाच हिशोब लाखो वर्षं चालला आणि शिल्लक सारखी निघाली.

2023 साली महाराष्ट्रानं राज्यमाशाचा मान पापलेटाला दिला. हलव्याचं नाव त्यात आलं नाही याचं त्याला वाईट वाटायचं कारण नाही, त्याचं घराणं वेगळं. चवीचं विचाराल तर माझं मत हलव्याच्या बाजूनं आहे. ते इथे पुराव्यात धरू नये.

प्रश्न : कृष्णेत आम्ही लहानपणी वांब धरायचो. रत्नागिरीला गेलो तर तिथेही वाम मिळते, पण समुद्रातली. नदीतून समुद्रात गेलेली तीच का ही?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. इथे तर आपल्या भाषेनंच चकवलं आहे. लांब, सापासारखा, हातातून निसटणारा मासा दिसला की आपण वाम, वांब म्हणून मोकळे होतो.

तुमची कृष्णेतली वांब ओळखायची खूण तुमच्या बोटांना आठवत असेल. पाठीवर सुट्या, टोकदार काट्यांची रांग असते आणि धरताना ती हाताला लागते. नाकाचा शेंडा पुढे निघालेला, मांसल, सारखा हलणारा. समुद्रातल्या वामेला पाठीवर काटे नाहीत, तिथे एक सलग मऊ झालर आहे, आणि तोंडात मात्र दात असे की कोळी ती जिवंत असताना जपून हाताळतात. ती खरी ईल. तिच्या वंशाचं मोठं लक्षण म्हणजे तिची पिल्लं. ती जन्मतः वामेसारखी दिसतच नाहीत. काचेच्या पानासारखी चपटी, आरपार दिसणारी असतात, समुद्रात तरंगत फिरतात आणि मग रूप बदलून लांबट गोल होतात. नदीतली वांब असलं काही करत नाही. वंशावळीत ती मरळ माशाच्या बरीच जवळ बसते, समुद्रातल्या वामेपासून फार लांब.

आपल्या नद्यांत खरी ईलही आहे, तिला बऱ्याच ठिकाणी अहिर म्हणतात. ती अंडी घालायला समुद्रात उतरते. त्यामुळे तुमच्या प्रश्नातला ‘नदीतून समुद्रात जाणारी’ हा भाग खरा आहे, फक्त तो मासा वेगळा.

सापाचा आकार माशांनी पुन्हापुन्हा का घेतला असावा हे नदीकाठी वाढलेल्याला सांगायला नको. दगडांच्या फटी, काठाची बिळं, चिखल. तिथे घुसायचं आणि वेळ पडली तर मागे सरकत बाहेर यायचं असेल तर पोटाखालचे पर अडकतात. दोन्ही वामांनी ते टाकले आहेत.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त नॉर्वेत आहे. हिवाळ्यात इथे काही ठिकाणी समुद्राचं पाणी शून्याखाली जातं, तरी कॉड मासे मजेत असतात. त्यांचं रक्त गोठत कसं नाही?
(एक वाचक, ट्रॉम्सो)

उत्तर : तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर देण्याआधी तुम्हाला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेतो, कारण हे कोडं आधी तिथे सुटलं.

समुद्राचं पाणी खारट असल्यामुळे ते साधारण उणे 1.9 अंशाला गोठतं. माशाचं रक्त त्यापेक्षा कमी खारट, ते उणे 0.7–0.8 च्या आसपासच गोठायला हवं. म्हणजे बर्फाळ समुद्रात पोहणारा मासा हिशोबानं दगडासारखा कडक व्हायला हवा. 1960 च्या दशकात आर्थर डीव्हराइस हा तरुण संशोधक अंटार्क्टिकात मॅकमर्डो या संशोधन केंद्रावर याच प्रश्नामागे लागला. त्याला तिथल्या माशांच्या रक्तात एक वेगळं प्रथिन सापडलं. थ्रिओनीन, ॲलनीन, ॲलनीन अशा तीन अमिनो आम्लांची तीच तीच माळ, आणि थ्रिओनीनला लोंबणारा साखरेचा गोंडा. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतो तसं हे औषध नव्हे. हे प्रथिन पाण्याला गोठूच देत नाही असं नाही. अंगात बर्फाचा बारीकसा कण तयार झाला की हे प्रथिन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि त्याला वाढू देत नाही. कण असतात, पण ते कणच राहतात.

आता तुमच्याकडे येऊ. उत्तर ध्रुवाकडच्या कॉडच्या कुळातही हेच प्रथिन निघालं. नुसतं कामाला सारखं नाही, रचनाही तीच, थ्रिओनीन, ॲलनीन, ॲलनीन. कुणालाही वाटेल की एकाच पूर्वजाकडून दोघांना वारसा मिळाला. पण अंटार्क्टिकाचे ते मासे आणि कॉड यांची घराणी फार पूर्वी वेगळी झालेली, आणि मधे उष्ण कटिबंधाचा सगळा समुद्र. 1997 साली लियांगबियाओ चेन, डीव्हराइस आणि ख्रिस्तिना चेंग यांनी दोन्हीकडची जनुकं उलगडून पाहिली. अंटार्क्टिकातल्या माशांनी हे जनुक एका पाचकरसाच्या जनुकापासून बनवलं होतं. अन्न पचवायला स्वादुपिंडातून येणाऱ्या ट्रिप्सिनचं मूळ जनुक, त्याचा एक तुकडा सुटला, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि पचनाचं हत्यार गोठण्यावरचा उपाय झालं. कॉडच्या जनुकात त्या ट्रिप्सिनचा मागमूस नाही. पुढे कळलं, की कॉडनी ते डीएनएच्या अशा पट्ट्यातून उभं केलं जिथे आधी कुठल्याच प्रथिनाचा मजकूर नव्हता. एकानं जुन्या साडीची गोधडी शिवली, दुसऱ्यानं चिंध्यांची, आणि टाका हुबेहूब एकच.

हलवा आणि पापलेटाच्या बाबतीत आपण म्हणू शकतो, की आकार काय, तो पाणीच घडवतं. पण रेणूची अक्षरं तशीच्या तशी दोनदा जुळून यावीत, हे वाचून मला पहिल्यांदा खरंच विश्वास बसला नव्हता. पुन्हा पाहा, अक्षरं तीनच आहेत आणि त्यांची फक्त उजळणी आहे. वाक्य लांब आणि अवघड असतं तर असं जुळलं नसतं.

प्रश्न : कुप्याचं मांस एवढं लाल का? बांगड्याचं नसतं.
(एक वाचक, वसई)

उत्तर : बांगड्याचंही असतं, थोडं. तळलेल्या बांगड्याचं कातडं सोललंत की कुशीवर तपकिरी पट्टा दिसतो ना, तेच मांस. न दमता सतत पोहण्याचं. बहुतेक माशांत ते असं कातड्याखाली असतं. कुप्यात ते आत, मणक्यापाशी सरकलं आहे, आणि त्याला रक्त पोचवणाऱ्या नि परत नेणाऱ्या नळ्या एकमेकींना खेटून असतात. परतणारं गरम रक्त आत येणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच ऊब देऊन जातं. त्यामुळे हे मांस बाहेरच्या पाण्यापेक्षा गरम राहतं आणि जोरात चालतं. माको नावाची जी वेगवान मुशी (शार्क) आहे तिनं अगदी हीच मांडणी केली आहे, मांस आत आणि नळ्या खेटून. मुशी आणि कुपा यांचा शेवटचा समाईक पूर्वज 40 कोटी वर्षांहून जुना. तुमच्या हातात कुप्याची गोल तुकडी आली की मधल्या हाडाभोवतीचा काळपट भाग बघा, तो टाकून देऊ नका, फक्त आंबट जरा जास्त घाला.

प्रश्न : पावसाळ्यानंतर ट्रेकला गेलो असताना ओढ्याच्या धबधब्याखाली खडकाला चिकटलेले बोटभर मासे दिसले. पाणी जोरात, तरी ते हलत नव्हते. हे कुठले?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाठ दिसते आहे, आणि या माशांची ओळख पोटाकडून करायची असते. सह्याद्रीच्या ओढ्यांत चिकटणारे मासे एकाच घरचे नाहीत.

उलटा केल्यावर खालच्या ओठामागे गोल चकतीसारखी गादी दिसली तर तो मल्या. हा रोहू-कटल्याच्या मोठ्या कुळातला. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची नावं नोंदवताना 1839 साली लोकांच्या तोंडचाच शब्द उचलून त्याचं शास्त्रीय नाव ‘मुल्या’ ठेवलं. ते अजून तसंच आहे. इतकी नावं लॅटिनमध्ये बुडाली, त्यात आपला एक मराठी शब्द तरंगत राहिला याचा मला उगाचच आनंद होतो.

ओठाखाली काही नाही, पण छातीवर, पुढच्या दोन परांच्या मधे, कातड्याच्या बारीक निऱ्या दिसल्या, आणि तोंडाभोवती मिशा असल्या, तर तो शिंगट्यांच्या गोतातला. त्यातल्या एका जातीचं नाव तुमच्या शहरावरूनच पडलं आहे, ‘पूनाएन्सिस’. सुंदरलाल होरा यांनी ते 1938 साली दिलं. होरा हे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पुढे संचालक झाले. डोंगरी ओढ्यांतले मासे वाहून न जाण्यासाठी काय काय करतात, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. कुणी ओठाची गादी केली, कुणी छातीच्या निऱ्या, आणि कुणी पुढचे-मागचे पर आडवे पसरून सगळ्या अंगाचीच चूषणी केली. अंग मात्र सगळ्यांनी वरून उतरतं आणि खालून सपाट ठेवलं, कारण तिथे पाणी तडजोड करत नाही.

तर पुढच्या वेळी हात ओला करून एक अलगद उचला, पालथा करून पाहा, ओठ की छाती एवढं ठरवा आणि मला कळवा. दोन्हीपैकी एकही नसेल तर तसंही कळवा, मग प्रकरण अधिक रंगतदार आहे. फोटो एकच काढा आणि लगेच सोडा. वाहत्या पाण्यातला मासा हातात फार वेळ तग धरत नाही.